दर दहा पावलांनी

बाबांना आगगाडीत बसवायचं मला नकोच वाटतं. पाहिलंय ना मी एकदा. दीडेक वर्षापूर्वी आम्ही त्यांना अकोल्याहून नांदेडला एका लग्नाला नेत होतो. भाऊ चहावाल्याला हाक मारायला वळला, मी पिशवीत ग्लास शोधत होते, आणि तेवढ्यात बाबा उठून दाराशी गेलेसुद्धा. गाडी चांगली पळत होती. त्यांचा एक पाय खालच्या पायरीवर, एक हात दांडीवर, आणि मान बाहेर काढून ते रुळांकडे बघत होते. मी मागून कॉलर धरली ती अशी की शिवण उसवली. ते वळून मला म्हणाले, "बाई, हात सोडा. मले काम हाये." परत येताना भावाने जीप केली, तर बाबांना रस्ताभर उलट्या झाल्या.

त्यांचं काम म्हणजे लाईनीवरचं. बाबा रेल्वेत चावीवाले होते. रूळ ज्या लोखंडी तुकड्याने खालच्या आडव्या स्लीपरला घट्ट धरलेला असतो त्याला चावी म्हणतात. गाड्या जाऊन जाऊन त्या चाव्या ढिल्या होतात. चावीवाल्याने रोज सकाळी आपल्या हद्दीतली सगळी लाईन पायी चालायची, ढिली चावी दिसली की हातोडा मारून बसवायची, कुठे रुळाला चीर दिसली तर लाल झेंडी घेऊन उभं राहायचं, सगळं ठीक असलं तर जाणाऱ्या गाडीला हिरवी दाखवायची. बाबांची हद्द वाशीम स्टेशनापासून अकोल्याच्या बाजूला. तीसच्या वर वर्षं ते तेवढीच वाट चालले. आम्ही पोरं स्टेशनामागच्या क्वार्टरात वाढलो, आणि मुळाक्षरांच्या आधी आम्हाला एक गोष्ट शिकवली गेली. लाईनीवर पाय ठेवला की दर दहा पावलांनी मागे बघायचं. कान झाकून घ्या, डोळे झाकून घ्या, पण दहा पावलं झाली की मान वळलीच पाहिजे. एकदा मी अकरावं पाऊल टाकलं तर त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला होता की दोन दिवस कुशीवर झोपले.

आता त्यांना काहीच आठवत नाही. जेवलो की नाही हे आठवत नाही, आई गेली हे आठवत नाही, मी कोण हे तर नाहीच. मला ते 'बाई' म्हणतात आणि 'तुमी' म्हणतात. दवाखान्यातली कोणी असावी असं त्यांना वाटत असणार. भावाच्या अकोल्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकच चालायचं. सोफ्यावरून उठायचं, हात आडवा करायचा आणि म्हणायचं, "गाडी आली, बाजूले व्हा." भावजय पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "हो बाबा, आली," आणि खुर्ची जराशी सरकवायची. मग ते बसायचे. पाच मिनिटांनी परत गाडी. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, खोडून काढू नका, हो म्हणा. मी दोन दिवसांसाठी जाई तेव्हा पहिल्या दिवशी रडू यायचं, आणि दुसऱ्या दिवशी मीही मोबाईलमधून मान वर न करता म्हणायची, हो बाबा, आली.

यंदा नाताळच्या सुटीत त्यांना हैदराबादला माझ्याकडे न्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, मला ठरवावंच लागलं. भावजयीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दोन वर्षं तिनेच सगळं केलं होतं, त्यांना आंघोळ घालण्यापासून दाराला तीन-तीन कड्या लावण्यापर्यंत. आणि मी काय केलं होतं? शाळेतून सुटल्यावर फोन करून सल्ले दिले होते. त्यांना जरा फिरायला नेत जा गं, त्यांच्याशी जुन्या गोष्टी बोलत जा गं. बोलायला माझं काय जात होतं! म्हणून या वेळी भावाने तोंड उघडायच्या आधी मीच म्हटलं, मी नेते. म्हटलं आणि रात्री झोप लागेना. तो दार उघडून पायरीवर ठेवलेला पाय डोळ्यांसमोरून हलेना.

डॉक्टर म्हणाले, एका दमात नेऊ नका. पहिला टप्पा लहान ठेवा, मध्ये कुठेतरी एक रात्र मुक्काम करा, शांत जागी, चांगली झोप होऊ द्या. झोप झालेली असली की दुसऱ्या दिवशीचं लांबचं ते सोसतील. त्या लांबच्या टप्प्यासाठी माझे मिस्टर नांदेडला येऊन गाडीत चढणार होते. म्हणजे प्रश्न एवढाच उरला की मुक्काम कुठे करायचा.

भाऊ म्हणाला नांदेड. तिथे त्याने मोबाईलवर हॉटेलसुद्धा काढून ठेवलं होतं, लिफ्टवालं, काचा बंद, एसी, बाहेरचा आवाज म्हणून आत येणार नाही. तो फोटो दाखवत होता आणि मला हसू येत होतं. म्हटलं, अरे शहाण्या, आवाज येत नाही म्हणून तर बाबा झोपत नाहीत तुझ्याकडे. आपण रेल्वेच्या क्वार्टरातली माणसं. मालगाडीने भांडी हलली नाहीत तर आपल्याला जाग यायची, आठवतं का? रात्रीची गाडी लेट असली की अख्खी चाळ उठून बसायची, काय झालं म्हणून. त्या माणसाला तू सहाव्या मजल्यावर नेऊन ठेवलंस. वाशीमला मुक्काम करू, स्टेशनाजवळ, लाईनीच्या अगदी कडेला खोली घेऊ. बघ कसे झोपतात.

भावाने मोबाईल खिशात ठेवला. खरं तर मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं. भावजय तेवढी म्हणाली, "ताई, मले भेव वाटते. तिथं त्यायले सगळं आठवीन."

"आठवलं तर बरंच आहे की," मी म्हटलं. वाद घालणं तिच्या स्वभावातच नाही. त्यांच्या गोळ्या तिने डबीत भरून दिल्या, कान झाकायचा मफलर दिला, आणि दारात त्यांच्या पायावर डोकं ठेवताना तिला रडू फुटलं.

अकोल्याहून निघाल्यापासून वाशीम येईपर्यंत मी त्यांचं मनगट सोडलं नाही. खिडकीशी त्यांना बसवलं, मी दाराच्या बाजूने, आणि समोर बसलेल्या बाईला सांगून ठेवलं की हे उठले तर पाय आडवा घाला. ती घाबरून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. बाबा मात्र शहाण्यासारखे बसले. बाहेर तुरी उभ्या होत्या, हरभरा हिरवा होता. त्यांची नजर त्याच्यावर नव्हतीच, ती खाली खडीवर होती. मधूनच त्यांचे ओठ हलायचे. मला वाटलं गाडी आली म्हणतील, पण गाडीत बसल्यावर ते काही तसं म्हणाले नाहीत.

वाशीमला ते काठी टेकत आपले आपण उतरले. मी धसकूनच होते. आता काय आठवतं, आता काय करतात. काही नाही. आमची क्वार्टरं कधीच पाडली, लहान लाईन जाऊन मोठी लाईन आली, आता तर वरून विजेच्या तारा आल्या. बाबांनी त्या तारांकडे एकदा बघितलं, कोणाच्या तरी घरी चुकून आल्यासारखं तोंड केलं आणि मला विचारलं, "बाई, हे कोनतं टेसन होय?" मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

लॉज स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर होतं. चालवणारे एक मुसलमान गृहस्थ होते, साठीचे, मेंदी लावलेली दाढी. खोली मागच्या बाजूची हवी, लाईनीकडची, असं मी सांगितलं तर ते चकरावले. लोक तर समोरची मागतात, त्या बाजूला आवाज फार येतो, ते म्हणाले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे जे सांगायला छान वाटतं तेवढं सगळं. माझे बाबा इथेच रेल्वेत होते, चावीवाले, इथून अकोल्याच्या अंगाला त्यांची हद्द, एक दिवस खाडा नाही. ते चाचा उठून उभे राहिले आणि बाबांना सलाम केला. बाबांनीही हात वर करून 'जयभीम' घातला. अगदी बरोबर, अगदी पूर्वीसारखा. मला भरून आलं. त्यांचं डोकं चालत नाही, ते माणसं ओळखत नाहीत, हे सांगायचं मी विसरले नव्हते. मी ते सांगितलं नाही. आलेल्या मानावर मला पाणी ओतायचं नव्हतं.

संध्याकाळी खानावळीतून भाकरी आणि वांग्याची भाजी आणली. बाबा आपल्या हाताने जेवले. एक लांबलचक मालगाडी गेली, खिडकीची तावदानं थरथरली, ग्लासातलं पाणी हललं, आणि बाबांनी चावायचं थांबवून, मान तिरकी करून शेवटच्या डब्यापर्यंत तो आवाज ऐकला. मग परत चावायला लागले. गाडी आली, बाजूले व्हा, असं एकदाही म्हणाले नाहीत. मी भावाला फोन करून सांगितलं. आवाजात फुशारकी होतीच, नाही कशाला म्हणू.

तरी मी गाफील नव्हते. दाराची वरची कडी घातली, खालची घातली. बाबांना खाटेवर निजवलं, मी खाली गादी टाकली, आणि माझ्या हिरव्या ओढणीचं एक टोक त्यांच्या मनगटाला आणि दुसरं माझ्या मनगटाला बांधलं. रात्रभर जागायचंच होतं मला, अकोल्याला मी जागायचेच. दिवा मालवला. बाबा पाचेक मिनिटांत घोरायला लागले, दोन वर्षांत पहिल्यांदा. मग लांबून गाडीचा आवाज आला, जवळ आला, जमीन पाठीखाली बारीक हलायला लागली. ती हलली तेवढं मला आठवतं.

जाग आली ती मनगट गार पडल्याने. खिडकीत उजेड होता. आणि जाग आल्याबरोबर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर, किती छान झोप झाली. हे मी आजही कोणाला सांगत नाही. माझ्या मनगटाभोवती काही नव्हतं. ओढणीची गाठ कोणी हिसकून तोडली नव्हती, ती नीट सोडवली होती, मला धक्का न लावता. ज्या माणसाला शर्टाची बटणं लावता येत नाहीत त्याने. खाट रिकामी. दोन्ही कड्या काढलेल्या. दार बाहेरून अलगद लोटलेलं, म्हणजे झोपलेल्या माणसाला थंडी लागू नये म्हणून लोटतात तसं. आई झोपलेली असताना ते असंच दार लोटून जायचे. त्यांची काठी नव्हती, मफलर नव्हता, माझी ओढणी नव्हती, आणि लॉजवाल्यांनी दिलेला लाल टॉवेल खिळ्यावर नव्हता.

काठी म्हणजे हातोडा. लाल टॉवेल आणि हिरवी ओढणी म्हणजे दोन झेंड्या. पायात चपला अडकवून जिन्याकडे धावले. भिंत धरून उतरले.

चाचा ओट्यावर चहा पीत बसले होते. मी तोंड उघडायच्या आधीच ते हसून म्हणाले, "वालिद ड्युटीवर गेले तुमचे. म्या चाय पाजली, मंग सोडलं."

"सोडलं?" मी ओरडले. "काहून सोडलं त्यायले?"

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचा काही दोष नव्हता. पहाटे एक म्हातारा जिना उतरतो, कपडे नीट, चेहरा गंभीर, सांगतो की माझी ड्युटीची वेळ झाली. कालच त्याच्या लेकीने छाती फुगवून सांगितलेलं असतं की एक दिवस खाडा नाही. कोण अडवील? किती वेळ झाला विचारलं तर ते म्हणाले, बराच झाला. मी येतो सोबत म्हणून ते चपला शोधायला लागले, पण मी थांबले नाही.

कुठे गेले हे शोधायची गरजच नव्हती. मी स्टेशनाच्या टोकाशी गेले, फलाटाचा उतार संपला तिथून खाली उतरले आणि अकोल्याच्या दिशेने निघाले. तोंडाने काय काय चाललं होतं देव जाणे. मी देव मानत नाही, माझे बाबाही मानत नाहीत, पण त्या सकाळी मी कोणाला हाक मारली नाही असं झालं नाही. थंडी होती, लाईनीवर धुरकट होतं, पुढचे खांब एकापाठी एक पुसट होत गेलेले. मी काय बघायला चालले आहे हे मला माहीत होतं. लाईनीवर काय बघायला मिळतं हे क्वार्टरातल्या पोरांना सांगावं लागत नाही. आमच्या शेजारच्या काकांना गोणपाटातून आणलेलं मी खिडकीतून बघितलं आहे. तसलं काहीतरी पुढच्या खांबाशी असेल, मग त्याच्या पुढच्या खांबाशी असेल, असं करत मी चालत होते. भावजयीला काय तोंड दाखवू, हे मध्येच यायचं. तिने दोन वर्षं जपलेला माणूस मी एका रात्रीत घालवला.

आधी मी कडेकडेने चालले. चपलेतून खडी टोचायला लागली, पाय मुरगळला, म्हणून मग रुळांच्या मध्ये चढले आणि स्लीपरवरून चालायला लागले. ते सोपं पडतं. सकाळची पॅसेंजर अकोल्याकडून येते हे मी आदल्या रात्री मोबाईलवर पाहून ठेवलं होतं, माझी गाडी चुकू नये म्हणून. म्हणजे गाडी येणार ती समोरून. समोरून आली तर ती आधी बाबांवर येणार. माझे डोळे समोरच्या धुरकटातून हलत नव्हते.

मग ते दिसले. मफलर, वाकलेली पाठ, एका रुळाच्या कडेने चाललेत आणि काठीने एकेका चावीला ठोकतायत. टक्. एक पाऊल. टक्. जिवंत होते. मी हाक मारली, बाबा! पुन्हा मारली. ते थांबले, वळले, माझ्याकडे बघितलं. मी हात हलवला. आणि तेव्हा कळलं की ते माझ्याकडे बघतच नाहीत. त्यांनी माझ्या मागची लाईन बघितली, लांबपर्यंत, आणि पुन्हा वळून चालायला लागले. टक्. टक्. मी धावायला लागले. पुन्हा ते वळले, पुन्हा माझ्या आरपार बघितलं, पुन्हा चालायला लागले. आपला बाप आपल्याला ओळखत नाही हे मला दोन वर्षं माहीत होतं, पण त्या उघड्या लाईनीवर, एवढ्या थंडीत, ते बघून माझे दात वाजायला लागले.

गाठलं एकदाचं. मी त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि जीव गेल्यासारखी रडायला लागले. त्यांना ते आवडलं नाही. हात सोडवायला बघत होते, पण मी कशाची सोडते. ओढून त्यांना माझ्याकडे, रुळांच्या मध्ये घेतलं. मी म्हटलं, चला, बाबा, चला, आत्ताच्या आत्ता परत चला, समोरून पॅसेंजर येईल. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते.

"गाडी आली," ते म्हणाले. "बाजूले व्हा."

"हो बाबा, आली," मी म्हटलं. "चला आता. चहा घेऊ."

"बाजूले व्हा, बाई."

"हो हो. आली. बघितली मी. चला."

मी बघितली नव्हती. मी त्यांच्या स्वेटरची बटणं लावत होते. खरंच, त्या लाईनीच्या मधोमध उभी राहून मी खालचं एक बटण लावत होते, कारण ते उघडं होतं आणि त्यांना थंडी लागेल असं मला वाटत होतं. त्यांनी काठी उचलून माझ्या मनगटावर मारली. हाड वाजलं. मी हात सोडला, तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि मला खेचलं. इतक्या जोरात की मी रूळ ओलांडून खडीवरून घसरत खाली गवतात गुडघ्यांवर पडले. आणि तेव्हा भोंगा वाजला. माझ्या पाठीमागून. अगदी वर.

मालगाडी होती. मालगाड्या मोबाईलवर दिसत नाहीत. ती हिंगोलीकडून, स्टेशनात न थांबता, मी ज्या वाटेने आले त्याच वाटेने आली होती. पूर्वीच्या इंजिनांचा आवाज लांबून यायचा, छातीत धडधडायचा. हे विजेचं, तारांखालून नुसतं सरकत आलेलं, आणि माझ्या कानात तर माझंच रडणं भरलेलं. गाडी येईल ती अकोल्याकडूनच असं धरून मी वाशीमकडे पाठ करून उभी होते. एवढी लांब मी चालत आले, आणि एकदाही, एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं.

मी गुडघ्यांवर होते तशीच राहिले. वारा अंगावर येत होता, खडीचे बारीक तुकडे उडत होते. बाबा माझ्यापुढे उभे होते, लाईनीपासून बरोबर जेवढं दूर उभं राहायचं असतं तेवढ्या अंतरावर, माझ्या आणि गाडीच्या मध्ये. लाल टॉवेल काखेत घट्ट धरलेला, आणि उजव्या हातात माझी हिरवी ओढणी गाडीसमोर लांब केलेली. हात हलत नव्हता. एकेका डब्याची चाकं ते बघत होते. शेवटचा डबा गेल्यावरही ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी ओढणीची घडी घातली, दुसऱ्या काखेत ठेवली आणि माझ्याकडे वळले.

इतके चिडलेले मी त्यांना फक्त लहानपणी बघितलं आहे.

"कोनाची पोट्टी होय तू?" त्यांनी विचारलं.

मी मान वर केली.

"तुहा बाप लाईनीवर नाई का? त्यानं शिकवलं नाई तुले?"

"शिकवलं होतं," मी म्हटलं.

"मंग?"

"विसरली," मी म्हटलं. दुसरं काय सांगू.

त्यांनी काठी खाली टेकवली. राग उतरला. माझ्या मनगटाकडे त्यांनी बघितलं, ते सुजायला लागलं होतं. "लाईनीवर विसरून जमत नाई, बेटा," ते म्हणाले. "ऊठ. घरी तुहा बाप वाट पाहून राह्यला असन."

लांबून चाचा धापा टाकत येताना दिसले, एका पायात चप्पल, एक हातात. ते आम्हाला बघून तिथेच खडीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्यांना हात करून सांगितलं की ठीक आहे. मग उठले. गुडघे फुटले होते, सलवार फाटली होती. मी बाबांना हाताला धरायला गेले, तर त्यांनी काठीने मला पुढे व्हायची खूण केली. नव्या माणसाला पुढे ठेवायचं असतं, म्हणजे तो नजरेत राहतो. मी पुढे झाले. कडेने, खडीवरून, टोचत असली तरी कडेनेच.

चालायला लागलो. मला मागे त्यांची काठी ऐकू येत होती, टक्, टक्, आणि काठीबरोबर त्यांचे मोजणारे ओठ मला न बघताही दिसत होते. दहा झाले.

"मांगं पाह्य," बाबा म्हणाले.

मी मान वळवून बघितलं. लाईन रिकामी होती. बाबा होते.

पुन्हा दहा झाले. "मांगं पाह्य." मी बघितलं. बाबा होते. मग त्यांना सांगावं लागलं नाही. स्टेशन येईपर्यंत मी दर दहा पावलांनी मागे बघत होते, आणि दर वेळी बघायच्या आधी माझा जीव जात होता.